काना

नारायण पेठेतलं वाचनालय, दुसरा मजला.
खिडकीखाली बोळ, बोळात पिठाची गिरणी,
संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर ज्वारीचा पातळ थर.
माझं काम सहा महिन्यांचं, कंत्राटी:
घाऊक घेतलेली दोन हजार एकशे चाळीस ई-पुस्तकं
आणि प्रत्येकापुढे एक रकाना,
लेखकाचे लिंग.
रिकामा सोडला तर यंत्र आपणहून भरतं: पुरुष.
आगटे सरांना विचारलं, असं का?
म्हणाले, "काहीतरी धरून चालावं लागतं ना."

सौ. असलं की सोपं.
सौ.ची लोणची, सौ.चं विणकाम,
सौ.नं सांगितलेली बाळाची शेक-शेगडी.
एकीचे लग्नाआधी दोन कथासंग्रह,
लग्नानंतर एक, नव्या नावानं.
यंत्राच्या हिशेबी त्या दोन बायका.
जन्मतारीख एक, गाव एक,
मलपृष्ठावरच्या फोटोत हनुवटीवरचा तीळही तोच.
दोघींची एक केली.
महिन्याच्या तक्त्यात बायका एकीनं घटल्या
आणि सरांनी चष्मा वर सरकवला,
"कमी कशा झाल्या?"

मग आले कृ. म. साबडे.
अकरा रहस्यकथा.
इन्स्पेक्टर स्वतःच गोष्ट सांगतो:
मी जिना चढलो, दाराआड थांबलो,
सायकल टाकून लकडी पुलाकडे पळालो.
रकाना भरलेलाच होता,
पुढच्या नोंदीवर जायचं तेवढं बाकी.

पण सातव्या पुस्तकाला प्रस्तावना होती.
पान तिरकं स्कॅन झालेलं,
कडेला कुणाचा तरी अंगठा.
मी लिहिलं. मी फाडलं. मी पुन्हा लिहिलं.
आपल्या भाषेत लिहिण्यावरून काही कळत नाही,
फाडण्यावरूनही नाही.
अगदी खाली, तारखेच्या वर, एक वाक्य:
पानशेतचं पाणी ओसरल्यावर
ओली पानं सुकवत
चार रात्री मी शेगडीपाशी बसले.

बसले.
मोठं करून पाहिलं, दोनशे टक्के, चारशे टक्के.
अक्षरांचे दाणे फुटले,
तरी ल-शेजारी उभी रेघ नव्हती.

"मुद्रणदोष," आगटे सर म्हणाले,
"एका कान्यासाठी अकरा नोंदी बदलायच्या?"
मग त्यांच्यापुढे अर्पणपत्रिका ठेवली.
एकच ओळ:
ह्यांना, ज्यांना रात्रीचा दिवा कधी खुपला नाही.
सरांनी ती दोनदा वाचली.
"ह्यांना," स्वतःशीच पुटपुटले.
"आमची आई असंच...
बरं, मी चहा सांगून येतो."
चहा काही आला नाही.

पुरुष व्हायला आपल्याकडे एक काना जास्त लागतो.
तो तिनं पानोपानी इन्स्पेक्टरला दिला,
चढताना, थांबताना, पळताना,
अकरा पुस्तकं, कुठेही न विसरता.
शेगडीपाशी मात्र ती विसरली असेल,
किंवा कंटाळली असेल,
किंवा तिला वाटलं असेल,
प्रस्तावना कोण वाचतं.

अकरा वेळा खोडलं, अकरा वेळा भरलं.
कृ. म्हणजे कृष्णा की कृपा, ते कळलं नाही.
म. वडील की नवरा, तेही नाही.
जन्म: अज्ञात. मृत्यू: अज्ञात.
एवढं अज्ञात यंत्राला चालतं.
परवाना मात्र एका वेळी एकाच वाचकाचा,
आणि सहा वाजून दहा मिनिटांनी
धनकवडीतून कुणीतरी सातवं पुस्तक उघडलं.
प्रस्तावना ओलांडून थेट पान नऊ.

नोंदीखाली नोंदणाऱ्याची आद्याक्षरंच मावतात:
ज. शं. खैरे.
गिरणी थांबली होती.
कीबोर्ड उलटा करून झटकला,
जिन्यातला दिवा मालवला
आणि कात्रजच्या बसमागे धावले.